आईचं घर आणि नर्सिंग होमचं बिल: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी पायरीपायरीने

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं दहा-बारा खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. बाळंतपण नाहीतर अपेंडिक्स, आणि चार दिवसांत घरी. अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. अंथरुणाला खिळलेला किंवा स्मृतिभ्रंश वाढलेला माणूस तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. २०२४ साली देशातला मधला दर दोघांच्या खोलीसाठी वर्षाला सुमारे १ लाख ११ हजार डॉलर होता आणि स्वतंत्र खोलीसाठी १ लाख २७ हजारांच्या पुढे. आयुष्यभर नोकरी करून फेडलेलं घर अशा बिलात पाच-सहा वर्षांत संपू शकतं.

१९७०-८० च्या दशकात इकडे आलेली आपली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. माझी आई त्यांतलीच. आई-बाबांनी न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं घर १९८६ मध्ये घेतलं. बाबा गेले, आईचा विसरभोळेपणा वाढत गेला आणि शेवटी तिला नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ आली. त्या दीड वर्षात जे शिकावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. नियमांचा सांगाडा केंद्र सरकारचा असला तरी प्रत्येक राज्याच्या खाचाखोचा निराळ्या असतात. म्हणून सही करण्याआधी आपल्या राज्यातल्या, वृद्धांच्या कायद्याचंच काम करणाऱ्या वकिलाकडे, म्हणजे एल्डर लॉ वकिलाकडे जायचंच. पण वकिलासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं तर तो एक तास सत्कारणी लागतो.

पहिली पायरी: मेडिकेअर आणि मेडिकेड यांतला फरक पक्का करा

नावं सारखी असल्यामुळे बहुतेक घरांत गोंधळ इथूनच सुरू होतो. मेडिकेअर हा ६५ वर्षांनंतरचा आरोग्य विमा. हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस रीतसर भरती असाल, तर त्यानंतरच्या उपचारांसाठी तो नर्सिंग होमचे जास्तीत जास्त १०० दिवस देतो. पहिले २० दिवस पूर्ण, आणि २१ व्या दिवसापासून रुग्णाचा वाटा सुरू होतो (२०२५ मध्ये तो दिवसाला २०९.५० डॉलर होता). तेसुद्धा थेरपी किंवा नर्सची खरी गरज असेपर्यंतच. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही रोजची शुश्रूषा मेडिकेअर देत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: हॉस्पिटलने माणसाला ‘ऑब्झर्व्हेशन’वर ठेवलं असेल तर ते दिवस या तीनमध्ये धरत नाहीत. पलंग तोच, वॉर्ड तोच, पण कागदावर भरती नाही. दुसऱ्याच दिवशी विचारून घ्या.

दीर्घकाळाचा खर्च उचलते ती मेडिकेड, पण ती गरजूंसाठीची योजना. बहुतेक राज्यांत एकट्या माणसाकडे मोजता येण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरपर्यंतच असली पाहिजे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचे आकडे आणि नियम बरेच वेगळे आहेत. तिथले वाचक असाल तर इथले आकडे तसेच्या तसे लावू नका.

आई-वडील ग्रीन कार्डवर आले असतील तर आधी हे तपासा: साधारणपणे पहिली पाच वर्षं मेडिकेड मिळत नाही. ज्या मुलाने स्पॉन्सर म्हणून सही केली आहे त्याचं उत्पन्नही पालकांचं म्हणून धरलं जाऊ शकतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा प्रश्नच येत नाही, त्यांच्यासाठी खासगी विमा किंवा भारतात परतणं हेच मार्ग उरतात.

दुसरी पायरी: आईचं भान शाबूत आहे तोवर सह्या

सगळ्यात जास्त घाई करावी अशी गोष्ट हीच. ‘ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी’ म्हणजे असं मुखत्यारपत्र, जे सही करणाऱ्याचं भान गेल्यावरही चालू राहतं. त्यात घर विकण्याचा, ट्रस्ट करण्याचा, भेट देण्याचा आणि मेडिकेडचा अर्ज करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात भेट देण्याचा अधिकार बहुधा नसतो आणि नेमका तोच पुढे लागतो. हे कागद नसताना भान गेलं तर कोर्टाकडून पालकत्व मिळवावं लागतं. त्यात महिने जातात आणि हजारो डॉलर जातात.

पुण्या-मुंबईत फ्लॅट असेल तर अमेरिकेतल्या या कागदावर भारतात विसंबून राहू नका. भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे एडिसनमधल्या घरासाठी तुम्ही आईच्या वतीने सही करू शकाल, पण तिच्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी करता येणार नाही. तो फ्लॅट विकायचा असेल तर तिची समज ठीक असतानाच व्यवहार पूर्ण करायचा. त्यासाठी वेगळं कुलमुखत्यारपत्र करून ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करा आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

तिसरी पायरी: सगळं एका वहीत मांडा

मेडिकेडचा अर्ज करताना मागच्या पाच वर्षांची बँक स्टेटमेंट्स मागतात. आमच्या घरी हे सगळं आईच्या कपाटात, साड्यांखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत निघालं. १९८६ च्या क्लोजिंगचे, म्हणजे घरखरेदी पुरी झाल्याचे पिवळे पडलेले कागद, रबर बँड लावलेली पुण्याच्या बँकेची दोन पासबुकं, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि बाबांच्या अक्षरातली मुदत ठेवींची यादी. रबर बँड हात लावताच तुटला. त्या यादीतल्या तीन ठेवी आम्हा भावंडांना माहीतच नव्हत्या.

भारतातलं सगळं मोजा. तिकडचा फ्लॅट राहतं घर नसल्यामुळे त्याला सूट नाही, विकता येण्याजोगा असेल तर तो मालमत्तेत धरला जातो. एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं), पोस्टातले पैसे, लॉकरमधलं सोनं, सातबाऱ्यावर काकांबरोबर लागलेलं नाव, सगळं वकिलाला सांगा. सामाईक जमीन विकता येत नसेल तर तसे कागद दाखवता येतात. लपवलेलं नंतर उघडं पडलं तर मात्र ती फसवणूक ठरते. “तिकडचं यांना कुठे कळतंय” असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

पाच वर्षांत आईने कुणाला काय दिलं तेही वहीत लिहा. पुतण्याच्या लग्नात दिलेले पाच हजार, गावच्या घराचं छप्पर बदलायला पाठवलेले पैसे, देवस्थानाला दिलेली देणगी. आयकर खातं माणशी वर्षाला १९,००० डॉलरपर्यंतच्या भेटीची (२०२५ चा आकडा) नोंद मागत नाही, म्हणून ती मेडिकेडलाही चालते असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. ती सवलत फक्त भेट कराची आहे.

चौथी पायरी: घरात आता कोण राहतं?

घराचं काय होणार हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

पती किंवा पत्नी त्या घरात राहत असेल तर घर मोजलं जात नाही, किंमत कितीही असो. बाबा नर्सिंग होममध्ये आणि आई घरी असेल तर आईला काही पैसेही स्वतःकडे ठेवता येतात, २०२५ मध्ये ही कमाल मर्यादा १,५७,९२० डॉलर होती. अशा वेळी घर एकट्या आईच्या नावावर करून घेतात आणि याला मेडिकेडचा दंड नाही (दंड म्हणजे काय ते पाचव्या पायरीत). पण तेव्हाच आईचं मृत्युपत्रही बदला. ते तसंच राहिलं आणि आई आधी गेली, तर घर पुन्हा बाबांच्या नावावर येतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

२१ वर्षांखालचं मूल किंवा अंध अथवा अपंग मूल घरात असेल तरीही घर सुरक्षित.

घरात कुणीच नसेल, पण आईचा परत येण्याचा मानस असेल, तर घराला ठरावीक किमतीपर्यंत सूट असते. २०२५ मध्ये ती मर्यादा राज्याप्रमाणे ७,३०,००० ते १०,९७,००० डॉलर होती, कर्ज वजा जाता. २०२८ पासून वरची मर्यादा १० लाखांवर गोठणार आहे. हा मानस लेखी द्या. काही राज्यं ठरावीक महिन्यांनंतर ‘आता परतणार नाही’ असं धरून घर विकायला सांगतात, त्यामुळे आपल्या राज्यात तो काळ किती हे पहिल्याच भेटीत विचारा.

पाचवी पायरी: पाच वर्षांचा नियम समजल्याशिवाय घर मुलाच्या नावावर करू नका

आपल्या घरांमध्ये सहज सुचणारा उपाय म्हणजे “घर आत्ताच पोरांच्या नावावर करून टाकू.” यात प्रेम असतं, विश्वास असतो, आणि नुकसानही इथेच सगळ्यात जास्त होतं.

मेडिकेड अर्जाच्या तारखेपासून ६० महिने मागे पाहते. याला लुक-बॅक म्हणतात. त्या काळात काही फुकट किंवा कमी किमतीत दिलेलं असेल तर त्या रकमेला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या सरासरी दराने भागतात. भागाकार येईल तेवढे महिने मेडिकेड पैसे देत नाही, हाच तो दंड. आणि २००६ पासून हे महिने घर दिल्या दिवसापासून मोजत नाहीत. आईचे पैसे संपले, ती नर्सिंग होममध्ये आहे, अर्ज केला आहे आणि एरवी पात्र आहे, तेव्हापासून मोजतात.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची गोष्ट, आकडे सोपे करून सांगते. काकांनी सहा लाखांचं घर एक डॉलरला मुलाच्या नावावर केलं. चार वर्षं दोन महिने झाले, म्हणजे ५० महिने, आणि काकांना पक्षाघात झाला. मुलाने घाबरून लगेच मेडिकेडचा अर्ज केला. राज्याचा दर महिन्याला १२,००० धरला तर सहा लाख भागिले बारा हजार, म्हणजे ५० महिने मदत बंद. तोच अर्ज दहा महिने थांबून केला असता तर ६० महिने पूर्ण झाले असते आणि दंड शून्य. दहा महिन्यांचे १,२०,००० डॉलर कसेही उभे केले असते तरी ते सहा लाखांपुढे कमीच होते. एखाद्या भेटीला चार वर्षं होऊन गेली असतील तर अर्जाची तारीख वकिलाशी बोलूनच ठरवा. आणि दंड लागलाच तर दिलेली वस्तू पूर्ण परत केल्याने तो निघू शकतो, हाही मार्ग विचारून ठेवा.

शिवाय कराचं ओझं आहेच. १९८६ मध्ये ९५ हजारांना घेतलेलं घर आज साडेसहा लाखांचं. आईने जिवंतपणी दिलं तर मुलाची खरेदी किंमतही ९५ हजारच धरतात आणि विकताना मधल्या सगळ्या वाढीवर कर लागतो. तेच घर वारशाने आलं तर आई गेली त्या दिवशीची किंमत धरतात. मुलाचा घटस्फोट झाला, त्याच्यावर कर्ज झालं किंवा दावा लागला तर आईचं घर त्यात ओढलं जातं, हा धोका वेगळाच.

सहावी पायरी: दंड न लागता घर देता येतं अशी माणसं

पती-पत्नी, २१ वर्षांखालचं मूल आणि अंध किंवा अपंग मूल यांच्याखेरीज आणखी दोघांची तरतूद केंद्रीय कायद्यातच आहे. एक, घरात ज्याचा हिस्सा आहे आणि नर्सिंग होमच्या आधी निदान वर्षभर जो तिथे राहत होता असा भाऊ किंवा बहीण. दुसरं, सांभाळ करणारा मुलगा किंवा मुलगी. आमचं घर या दुसऱ्या तरतुदीमुळे राहिलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

मुलगा किंवा मुलगी आईच्या घरात, नर्सिंग होममध्ये जाण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं राहिली पाहिजे, आणि तिने केलेल्या शुश्रूषेमुळेच आईला तोवर घरी राहता आलं, हे सिद्ध झालं पाहिजे. आपली कुटुंबं यात दोन ठिकाणी अडतात. आईला आपण मुलाच्या घरी नेतो, पण इथे मुलाने आईच्या घरी राहायला जावं लागतं. आणि करते सून. पथ्याचं जेवण, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं तिच्या अंगावर, पण कायद्यात शब्द ‘मुलगा किंवा मुलगी’ असाच आहे. सुनेने किंवा नातवाने केलेलं यात धरत नाहीत. हा मला आजही मोठा अन्याय वाटतो.

मी आईकडे राहायला गेले तेव्हा असला काही नियम असतो हे मला ठाऊक नव्हतं. ती गॅस चालू ठेवून झोपली म्हणून गेले. दोन वर्षं चार महिने राहिले. नंतर पुरावे गोळा करताना जे कामी आलं ते हे: त्या पत्त्यावरचं ड्रायव्हिंग लायसन्स, त्याच पत्त्याची टॅक्स रिटर्न्स, औषधांच्या दुकानाच्या पावत्या, शेजाऱ्यांची लेखी साक्ष आणि सगळ्यात महत्त्वाचं डॉक्टरांचं पत्र. त्या पत्रात ‘वय झालं आहे, मदत लागते’ एवढंच असून चालत नाही. या दोन वर्षांत रुग्णाला नर्सिंग होमच्या पातळीची शुश्रूषा लागत होती आणि मुलीने ती दिली, असं स्पष्ट हवं. आमचं पहिलं पत्र परत आलं. दुसऱ्या वेळी मी आईच्या फ्रिजवर लावलेलं वेळापत्रक घेऊन डॉक्टरांकडे गेले: सात वाजता गोळी, आठ वाजता आंघोळ हात धरून, अकराला इन्सुलिन, रात्री दोनला बाथरूम. त्यांनी ते समोर ठेवून पत्र लिहिलं.

तुम्ही आत्ता आई-वडिलांच्या घरी राहून करत असाल तर आजपासून साधी नोंदवही ठेवा. रोज दोन ओळी पुरतात. आईने तुम्हाला या कामाचे पैसे द्यायचे असतील तर आधी लेखी करार करून द्या, बाजारभावाने. तोंडी दिलेले पैसे भेट म्हणून धरले जातात.

सातवी पायरी: हातात पाच वर्षं असतील तर

तब्येत बरी असताना विचार करणाऱ्यांना जास्त मार्ग खुले असतात. अपरिवर्तनीय, म्हणजे एकदा केला की मोडता न येणाऱ्या ट्रस्टमध्ये घर ठेवता येतं. आई तिथेच राहते, पाच वर्षांचं घड्याळ ट्रस्टच्या नावावर घर केल्यापासून सुरू होतं, आणि नीट लिहिलेल्या ट्रस्टमध्ये वर सांगितलेला वारशाचा करफायदाही टिकतो. पण ट्रस्टमधला पैसा आईला मनाला येईल तेव्हा परत काढता येत नाही, हे तिला समजावून सांगा आणि तिची खरी संमती घ्या. मोडता येणारा लिव्हिंग ट्रस्ट बऱ्याच जणांनी केलेला असतो. त्याचा मेडिकेडपासून बचाव होण्याला काही उपयोग नाही.

दुसरा मार्ग लाइफ इस्टेटचा: आईला मरेपर्यंत राहण्याचा हक्क, तिच्यामागे मालकी मुलांची. ट्रस्टपेक्षा स्वस्त, पण आई हयात असताना घर विकायचं झालं तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि किमतीतला आईचा हिस्सा तिचा पैसा म्हणून धरला जातो. फ्लोरिडा, टेक्सास, मिशिगनसारख्या मोजक्या राज्यांत ‘लेडी बर्ड डीड’ नावाचा प्रकार आहे. त्यात आईला घर विकण्याचा पूर्ण हक्क राहतो, म्हणून ती भेट मानत नाहीत. त्या राज्यांत असाल तर वकिलाला हा पहिला प्रश्न विचारा. न्यू जर्सीत तो नाही.

हातात वेळ नसेल, आई आधीच हॉस्पिटलमध्ये असेल, तरी हात टेकू नका. शेवटच्या घडीलाही काही भाग वाचवण्याचे कायदेशीर मार्ग अनुभवी वकिलांना माहीत असतात.

आठवी पायरी: नर्सिंग होमच्या कागदांवर सही कशी करायची

भरतीच्या दिवशी जाडजूड करार पुढे येतो आणि ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’, म्हणजे जबाबदार व्यक्ती, या ओळीवर सही मागतात. आईच्या बिलाची हमी मुलांनी स्वतःच्या खिशातून द्यावी अशी अट नर्सिंग होमला घालता येत नाही, तशी मनाई केंद्रीय कायद्यात आहे. आईचं नाव लिहा, त्यापुढे तुमचं नाव आणि ‘पॉवर ऑफ अटर्नी म्हणून’. करार घरी नेऊन वाचायला मागा. मी मागितला तेव्हा समोरची बाई थोडी थांबली, मग तिने प्रत काढून दिली. पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत पालकांच्या खर्चासाठी मुलांना जबाबदार धरणारे जुने कायदेही आहेत. २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने एका मुलावर आईचं सुमारे ९३ हजारांचं बिल लादलं होतं. तिथे राहत असाल तर मेडिकेडचा अर्ज रखडू देऊ नका.

नववी पायरी: घर राहिलं, आता ते चालवायचं कोणी?

याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. मेडिकेड सुरू झाली की आईची सोशल सिक्युरिटी (सरकारकडून मिळणारं निवृत्तिवेतन) आणि पेन्शन जवळपास सगळी नर्सिंग होमला जाते. तिच्या हातखर्चाला अगदी थोडे पैसे उरतात, २०२५ मध्ये न्यू जर्सीत ते महिन्याला ५० डॉलर होते. मग रिकाम्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स, विमा, हिवाळ्यातलं हीटिंग, बर्फ काढणं, हे सगळं मुलांच्या खिशातून. भावंडांनी आधीच बसून वाटणी ठरवा आणि लिहून ठेवा. कोण किती भरतो यावरून नंतर जी कटुता येते ती घर विकूनही जात नाही. घर रिकामं असल्याचं विमा कंपनीला कळवा, नाहीतर पाइप फुटल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. भाड्याने द्यायचं असेल तर ते भाडं आईचं उत्पन्न ठरतं, म्हणून आधी विचारा.

दहावी पायरी: आई गेल्यानंतर येणारं पत्र

१९९३ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ५५ वर्षांनंतर नर्सिंग होमवर खर्च झालेले मेडिकेडचे पैसे राज्याला मृताच्या मालमत्तेतून वसूल करावे लागतात. आईच्याच नावावर राहिलेलं घर बहुधा इथे सापडतं. जोडीदार हयात असेपर्यंत, किंवा २१ खालचं अथवा अपंग मूल असेल तर वसुली होत नाही. पत्र आलं तर घाबरून घर विकायला काढू नका आणि पत्र बाजूलाही टाकू नका. उत्तराची मुदत पाकिटावर लाल शाईने लिहा, खर्चाचा तपशील लेखी मागवा, आणि त्या घरावरच तुमचा निवारा किंवा पोट अवलंबून असेल तर अडचणीची सवलत मागणारा अर्ज मुदतीच्या आत पाठवा, पोचपावतीसह.